जुनी गिटार पारखताना

भोसरीच्या आमच्या शाळेतील प्रयोगशाळेत एक गिटार भिंतीला टांगलेली आहे. ती वाजवण्यासाठी नाही, मोजण्यासाठी आहे. ती तेथे कशी आली ते आधी सांगतो, कारण या लेखाचा विषय त्यातूनच निघाला.

नववीतील एका विद्यार्थिनीला गिटार शिकायची होती. वडील चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला. अगदी साधी नवी गिटार घ्यायची तरी तीन-चार हजार रुपये लागतात, म्हणून त्यांनी जुनी शोधली. आपल्या भागात जुन्या वस्तूंना तोटा नाही. पिंपरी, चिंचवड, चाकण येथे नोकरीसाठी आलेली तरुण मुले दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या गावी जातात. जाताना गादी, सायकल, टेबलफॅन यांच्याबरोबर हौसेने घेतलेली गिटारही विकून टाकतात. अशीच एक बाराशे रुपयांना मिळाली. दिसायला झकपक होती. मुलगी क्लासला जाऊ लागली. तीन महिन्यांनी क्लासमधून निरोप आला : मुलीचा कान कच्चा आहे, तिला दुसरा एखादा छंद लावा.

मुलगी आमच्याकडे आली ती रडवेली होऊन. म्हणाली, "सर, मोकळ्या तारा बरोबर लागतात. पण हात जसजसा वर जातो तसतसं बेसूर होतं. मलाच जमत नाही का?"

आम्ही काही संगीताचे जाणकार नाही. पण तिच्या प्रश्नात विज्ञानाचा एक प्रश्न दडलेला होता. दोष वाजवणारीचा की वाद्याचा, हे मोजून ठरवता येईल का? येते. त्यासाठी लागणारे ज्ञान शालेय पुस्तकातील ध्वनीच्या पाठाइतकेच आहे, आणि साधन म्हणजे एक फुटपट्टी.

तारेचे तीन नियम

ताणलेल्या तारेच्या कंपनांचे नियम फ्रान्समधील मारँ मर्सेन यांनी १६३६ साली मांडले. तार जितकी लांब तितकी वारंवारता कमी. लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट. ताण चौपट केला की वारंवारता दुप्पट. आणि ताण तोच ठेवून एकक लांबीचे वस्तुमान चौपट केले की वारंवारता निम्मी.

गिटारमध्ये हे तिन्ही नियम एकाच वेळी कामाला लावलेले असतात. सहा तारांची जाडी वेगवेगळी असते. खुंटी पिळून ताण बदलतो आणि तार सुरात लागते. मग बोटाने तार दाबून तिची लांबी कमी केली की वरचे स्वर मिळतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ कंपने होतात. सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३०. म्हणजे दोहोंत बरोबर दोन सप्तकांचे अंतर.

बोट नेमके कोठे दाबायचे हे ठरवण्यासाठी गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे ते हेच. पण एक मोठा फरक आहे. मिरजेच्या कारागिरांनी केलेली सतार पाहिली असेल तर आठवेल की तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. वादक ते सरकवून आपल्या कानाला पटेल असा स्वर लावून घेतो. गिटारचे फ्रेट लाकडात पक्के रुतवलेले असतात. सतारीचा पडदा चुकला तर वादक तो दुरुस्त करतो. गिटारचा फ्रेट चुकला तर ती चूक वाद्याबरोबर जन्मभर राहते.

फ्रेटचे गणित

एका सप्तकात १२ फ्रेट. प्रत्येक फ्रेटला वारंवारता सारख्याच पटीने वाढली पाहिजे आणि बारा वेळा वाढून दुप्पट झाली पाहिजे. जी संख्या स्वतःने बारा वेळा गुणली असता २ येतात ती संख्या म्हणजे सुमारे १.०५९५. प्रत्येक फ्रेटवर तारेची उरलेली लांबी या संख्येने भागली जाते.

वाद्ये बनवणाऱ्यांनी यासाठी एक सोपा नियम पूर्वीच काढला होता. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडायचा आणि तेथे पुढचा फ्रेट ठोकायचा. विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात हे १८ : १७ चे गुणोत्तर दिले आहे. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारे गॅलिलिओ हे त्यांचेच चिरंजीव. या नियमाने बारावा फ्रेट बरोबर मध्यावर येत नाही, किंचित आधी येतो. आज १८ ऐवजी १७.८१७ ने भागतात, मग तो अचूक मध्यावर पडतो.

बऱ्याच गिटारींत तारेची लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते. ती धरली तर खुंट्यांच्या बाजूच्या खाचांच्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, फ्रेटची अंतरे अशी येतात : पहिला ३६.४, दुसरा ७०.७, तिसरा १०३.१, पाचवा १६२.५, सातवा २१५.५ आणि बारावा ३२४ मिलिमीटर. सातव्या फ्रेटवर स्वर पंचमाचा येतो. शुद्ध पंचमासाठी तारेचा तिसरा भाग सोडावा लागतो, म्हणजे २१६ मिलिमीटर. फरक अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा! हे गणित वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखे आहे.

आता पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत अंतर मोजा. मग बाराव्या फ्रेटपासून घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत मोजा. जिच्यावर तारा टेकतात त्या या पट्टीला सॅडल म्हणतात. दुसरे अंतर पहिल्याइतके किंवा दोन-चार मिलिमीटर जास्त असले पाहिजे. जास्त कशासाठी? तार फ्रेटवर दाबली की ती थोडी ताणली जाते, ताण वाढतो आणि स्वर चढतो. तो चढ भरून काढण्यासाठी तार जराशी लांब ठेवतात. जाड तारांना ही भरपाई जास्त लागते, म्हणून सॅडल तिरपे बसवलेले असते. ते तिरपे दिसले तर दोष समजू नये.

आम्ही त्या मुलीची गिटार मोजली. नट ते बारावा फ्रेट ३२४ मिलिमीटर. बारावा फ्रेट ते सॅडल ३१७ मिलिमीटर. जेथे ३२६ किंवा ३२७ हवे तेथे ३१७! वाकून पाहिले तर घोडीच्या मागे जुन्या डिंकाची फिकट रेघ दिसली. केव्हातरी घोडी उखडली असावी आणि कोणीतरी ती पुन्हा चिकटवताना पुढे सरकवली असावी.

याचा परिणाम किती? स्वरांतील सूक्ष्म अंतर सेंटमध्ये मोजतात. एका फ्रेटचे अंतर म्हणजे १०० सेंट. आम्ही हिशेब केला. मोकळी तार अचूक लावली तरी पाचव्या फ्रेटवर स्वर ६ सेंट चढा, सातव्यावर ९ सेंट आणि बाराव्यावर १९ सेंट चढा. दाबण्यामुळे होणारी वाढ आणखी वेगळी. "हात जसजसा वर जातो तसतसं बेसूर होतं" हे मुलीचे वाक्य म्हणजे या आकड्यांचेच वर्णन होते. तिचा कान कच्चा नव्हता. उलट, जे आम्हाला पट्टीने मोजावे लागले ते तिला आधीच ऐकू येत होते.

वडिलांनी मोजमापांचा कागद पाहिला आणि त्यांच्या कारखान्याच्या भाषेत निकाल दिला, "सर, हे रीवर्कमध्ये बसत नाही. रिजेक्टच आहे."

रीवर्क की रिजेक्ट?

हे दोन शब्द आम्हाला फार उपयोगी पडले. यंत्रावरून उतरलेल्या जॉबमध्ये थोडा दोष असेल आणि तो परवडणाऱ्या खर्चात काढता येत असेल तर रीवर्क, नाहीतर रिजेक्ट. जुनी गिटार घेताना प्रत्येक दोषाला हाच प्रश्न विचारावा. अनुभव असा, की गिऱ्हाइकाला भिववणारे दोष बहुधा रीवर्कचे असतात आणि खरे रिजेक्टचे दोष चकाकत्या पॉलिशखाली लपतात.

त्यांचे मूळ समजण्यासाठी एक आकडा लक्षात ठेवावा. पोलादी तारांच्या गिटारवर सहाही तारांचा मिळून ताण साधारण ६० ते ७५ किलोग्रॅम वजनाइतका असतो. एक धडधाकट माणूस त्या पातळ लाकडी पेटीला रात्रंदिवस लोंबकळत आहे असे समजा. या ओढीने मान पुढे वाकू पाहते, घोडी उखडू पाहते आणि पेटीची वरची फळी घोडीमागे फुगू पाहते. बहुतेक तपासण्या म्हणजे या तीन लढाया गिटार कितपत हरली आहे ते पाहणे होय.

मान. गिटार डोळ्यासमोर धरून खुंट्यांकडून घोडीकडे एका डोळ्याने पाहा, सुतार फळी पाहतो तसे. मान स्क्रूसारखी पिळलेली दिसली तर ती गिटार सोडून द्या. नुसता पुढे बाक असेल तर तो मोजा. ताणलेली तार ही निसर्गाने दिलेली सरळ पट्टीच आहे. एका हाताने तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने जेथे मान पेटीला मिळते तेथे दाबा, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते पाहा. ०.१ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी कारखान्यात असतो; त्याच्याकडून फीलर गेज मागून घ्यावा. फट एक मिलिमीटरभर असेल तर मान बरीच वाकली आहे. पण मानेत पोलादी सळई असेल तर हा दोष रीवर्कचा. ट्रस रॉड नावाची ही सळई १९२० च्या दशकात अमेरिकेतील गिब्सन कंपनीने रूढ केली. तिचा नट खुंट्यांजवळच्या झाकणाखाली किंवा पेटीच्या भोकातून आत दिसतो. तो पाव फेरा फिरवला तरी बाक बदलतो. सळई नसेल किंवा नट गंजून जाम झाला असेल तर रिजेक्ट.

मानेचा कोन. हा दोष जास्त फसवा आहे. दोन फुटी स्टीलची पट्टी फ्रेटवर ठेवून घोडीकडे न्या. पट्टीचे टोक घोडीच्या लाकडाच्या माथ्याशी यावे. ते माथ्याच्या बरेच खाली जाऊन धडकले तर मान सांध्यातच पुढे झुकली आहे. ट्रस रॉडने मानेतील बाक जातो, सांध्यातील कोन सुधारत नाही. सांधा उकलून पुन्हा बसवण्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीहून जास्त होतो. रिजेक्ट.

तारांची उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतची उंची २ ते ३ मिलिमीटर असावी. ४ च्या वर गेली की कोवळी बोटे सोलवटतात. शिवाय तार जास्त खाली दाबावी लागते, म्हणून स्वरही जास्त चढतो. मान आणि कोन ठीक असतील तर सॅडल खालून घासून उंची कमी करता येते. ते काम पॉलिश पेपरने घरी होते. मात्र घासण्याइतके सॅडल घोडीच्या वर उरलेले आहे ना, ते पाहावे.

घोडी. घोडीच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून पाहा. तो आत शिरला तर घोडी सुटू लागली आहे. तारा फळीपासून साधारण १२ मिलिमीटर उंचीवरून ओढतात, म्हणून त्यांची ओढ घोडीला मागून वर उचलते. तरफेचा हा नमुना मुलांना दाखवण्याजोगा आहे. घोडी चांगला सुतारी डिंक वापरून, शिकंजात दाबून पुन्हा बसवता येते. पण मोजून, मूळ जागीच. न मोजता बसवली तर काय होते ते वर आलेच आहे.

पेटी. मोबाईलचा दिवा पेटीच्या भोकातून आत सोडा आणि छोटा आरसा आत धरून पाहा. फळीला आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. बोटाच्या पेराने पेटीवर जागोजागी टिचक्या मारा. एखादी पट्टी सुटली असेल तर तेथे फडफड ऐकू येते. घोडीमागे किंचित फुगवटा असणे स्वाभाविक आहे. फुगवटा ठळक असेल आणि घोडीपुढची फळी खाली बसली असेल, तर मात्र दूर राहावे.

खुंट्या आणि फ्रेट. खुंटी मोकळी फिरत असेल, दाते झिजले असतील तर घाबरू नये. खुंट्यांचा संच बदलता येतो. मग सहाही तारांवर पहिल्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक फ्रेट वाजवावा. एकूण ७२ जागा, पाच मिनिटांचे काम. एखाद-दुसऱ्या ठिकाणी खरखर होत असेल तर एखादा फ्रेट उचललेला असतो आणि तो बसवता येतो. तारांनी फ्रेटमध्ये खोल चर पाडले असतील तर सगळे फ्रेट बदलावे लागतात. स्वस्त गिटारला ते परवडत नाही.

कानाची साक्ष

मोजमापांनंतर कान लावावा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करा, तार छेडा आणि बोट लगेच उचला. घंटेसारखा स्वच्छ स्वर येतो. तार दोन समान भागांत कंप पावते, म्हणून हा स्वर मोकळ्या तारेच्या नेमका दुप्पट असतो. फ्रेट चुकला असला तरी हा चुकत नाही. आता तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल जवळ आहे, उतरता असेल तर लांब. मोबाईलवरील ट्यूनरमध्ये हा फरक सेंटमध्ये दिसतो.

येथे एक सावधगिरी हवी. जुन्या, गंजलेल्या तारेचे वस्तुमान सर्वत्र सारखे राहत नाही, आणि अशी तार चांगल्या गिटारवरही बेसूर बोलते. म्हणून गिटार पाहायला जाताना नव्या तारांचा एक संच बरोबर न्यावा. निदान एक तार बदलूनच निर्णय घ्यावा. गंजक्या तारांमुळे विक्रेत्याने किंमत उतरवलेली असेल तर तो आपला फायदाच.

दुसरा फसवणारा प्रकार नायलॉनच्या तारांचा. क्लासिकल म्हटल्या जाणाऱ्या गिटारवर नायलॉनच्या तारा असतात आणि त्या घोडीला गाठ मारून बांधतात. त्यांचा एकूण ताण ४० किलोग्रॅमच्या आसपास असतो. अशा गिटारवर कोणी पोलादी तारा चढवल्या तर तिच्यावरचा भार जवळपास दीडपट-दुप्पट होतो आणि काही महिन्यांत घोडी उखडते. गाठीची घोडी आणि पोलादी तारा अशी जोडी दिसली की समजावे, या गिटारचे हाल झालेले आहेत.

हवेचाही विचार करावा. लाकूड रेषांच्या दिशेने फारसे कमी-जास्त होत नाही, पण आडवे मात्र फुगते आणि आकसते. म्हणून फ्रेटमधील अंतरे वर्षभर तीच राहतात. पण पावसाळ्यात फळी फुगून तारा उंच होतात, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत मान आकसून फ्रेटची टोके कडेने बोटाला टोचू लागतात. घरावर पत्रे असतील तर उन्हाळ्यात आतल्या उष्णतेने डिंक मऊ पडतो. गिटार पत्र्याजवळ टांगू नये, उन्हात ठेवू नये. स्वस्त गिटारी बहुधा प्लायवूडच्या असतात. त्यांचा आवाज अखंड फळीइतका मोकळा नसतो, पण आपल्या हवेतील चढउतार त्या जास्त सोसतात. शिकणाऱ्यासाठी तो गुणच म्हणावा.

दुसरी गिटार

वडील आणि मुलगी महिनाभर फिरले. चार गिटारी पाहिल्या. बरोबर स्टीलची पट्टी, फीलर गेज आणि एका वहीत लिहिलेली यादी. तीन गिटारी परत ठेवल्या. त्यांतली एक तर नव्यासारखी चकाकत होती. चौथी निगडीत मिळाली. तिच्या पेटीवर ओरखडे होते, एक खुंटी तुटलेली होती, तारा गंजून काळ्या पडल्या होत्या. पण नट ते बारावा फ्रेट ३२५, आणि तेथून सॅडल ३२७. मान सरळ, कोन बरोबर. विक्रेता पंधराशे म्हणत होता. तुटकी खुंटी दाखवल्यावर हजारावर आला. खुंट्या आणि तारा बदलून गिटार सुरात लागली.

मुलगी ती घेऊन शाळेत आली. बाराव्या फ्रेटवर तिने आधी घंटेसारखा स्वर काढला, मग दाबून काढला. काही बोलली नाही, पुन्हा एकदा तेच केले, आणि मग हसली.

पहिली गिटार वडिलांनी प्रयोगशाळेला दिली. दरवर्षी नववीची मुले ती मोजतात, ३२४ आणि ३१७ हे आकडे वहीत लिहितात आणि दोष कोठे आहे ते स्वतः शोधून काढतात. मूल चुकते तेव्हा आपण शिक्षक बहुधा मुलाचीच परीक्षा घेतो. त्याच्या हातातल्या साधनाचीही एकदा परीक्षा घ्यावी, एवढे आम्ही त्या गिटारकडून शिकलो.